कंत्राटदाराची नोंदणी नाकारली, तर दाद कुठे मागायची?

घर बांधायचं कंत्राट घ्यायला आपल्याकडे परवाना लागत नाही. छत्रपती संभाजीनगरात सातारा परिसरात किंवा हर्सूलकडे कुणी प्लॉट घेतला, ओळखीच्या मिस्त्रीला बोलावलं, चौरस फुटाचा दर ठरला की काम सुरू होतं. नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो, त्यावर वास्तुविशारदाची किंवा परवानाधारक अभियंत्याची सही लागते. पण सळया बांधणाऱ्या आणि स्लॅब टाकणाऱ्या गुत्तेदाराला त्याच्याकडे कुठला कागद आहे हे कुणी विचारत नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात नेमकं उलटं आहे. तिथे 1929 पासून कंत्राटदारांना परवाने देणारं सरकारी मंडळ आहे. साधारण हजार डॉलरच्या आतली किरकोळ कामं सोडली, तर परवान्याशिवाय कुणाच्या घराला हात लावता येत नाही. परवाना नाकारला, तर 60 दिवसांत सुनावणी मागता येते आणि ती प्रशासकीय न्यायाधीशासमोर होते.

आपल्याकडे कागद लागतो तो सरकारचं काम घ्यायचं असेल तर, मोठ्या संख्येने मजूर लावायचे असतील तर, किंवा स्वतः बिल्डर होऊन सदनिका विकायच्या असतील तर. म्हणजे सरकारी तिजोरीला संरक्षण आहे, मजुराला थोडंफार आहे, सदनिका घेणाऱ्याला आहे. स्वतःच्या प्लॉटवर आयुष्याची कमाई ओतणाऱ्याला मात्र काहीच नाही. ही उणीव मोठी आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय. इथे प्रश्न आहे तो त्या तरुण अभियंत्याचा किंवा जुन्या गुत्तेदाराचा, ज्याने रीतसर अर्ज केला आणि ज्याच्या हातात नकार पडला.

'माझं लायसन्स नाकारलं' असं सांगत माणूस वकिलाकडे जातो, तेव्हा नेमकं काय नाकारलं हेच पुष्कळदा स्पष्ट नसतं. प्रत्येक कागदामागचा कायदा वेगळा आणि अपिलाची मुदतही वेगळी. त्यामुळे पहिल्यांदा आपला कागद कोणता ते ओळखावं लागतं.

मजुरांचा परवाना घ्या. कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियम, 1970 या कायद्याने ठरावीक संख्येएवढे किंवा त्याहून जास्त कंत्राटी मजूर लावणाऱ्याला परवाना सक्तीचा केला. मूळ कायद्यात हा आकडा 20 होता, महाराष्ट्राने दुरुस्ती करून तो 50 वर नेला. त्याच्या 15 व्या कलमात अपिलाची सोय स्पष्ट लिहिलेली होती: आदेश कळल्यापासून 30 दिवस, आणि उशिराला सबळ कारण असेल तर त्यानंतरही. आता हा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 या नव्या संहितेत सामावला गेला आहे आणि ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. 50 चा आकडा तिथेही आहे आणि अपिलाची सोयही आहे. जुन्या कायद्याचं कलम टाकून लिहिलेलं अपील आज कुणी हातात देत असेल, तर त्याला आधी ही तारीख दाखवावी.

बिल्डर म्हणून महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, प्रकल्पाची नोंदणी करायची असेल तर मामला आणखी स्वच्छ आहे. स्थावर संपदा अधिनियम, 2016 प्रमाणे 500 चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन आणि आठपेक्षा जास्त सदनिका असतील तर नोंदणी लागते. प्राधिकरणाने 30 दिवसांत होय किंवा नाही सांगायचं असतं. नाही म्हणायचं असेल तर कारणं लेखी द्यायची आणि त्याआधी अर्जदाराचं म्हणणं ऐकायचं, हे कायद्यातच आहे. नकाराविरुद्ध अपीलीय न्यायाधिकरणाकडे 60 दिवसांत जाता येतं. इमारतीचा नकाशाच नामंजूर झाला असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 चं कलम 47 पाहावं. तिथे अपील राज्य शासनाकडे, मुदत 40 दिवस. विजेच्या कामाच्या कंत्राटदाराचा परवाना हा पुन्हा निराळा विषय, त्याची यंत्रणा ऊर्जा विभागाची.

आणि मग उरते ती सगळ्यात जास्त लोकांशी संबंध असलेली गोष्ट, सार्वजनिक बांधकाम विभागातली नोंदणी. बोलताना लोक तिलाही लायसन्सच म्हणतात. वर्ग जितका वरचा, तितक्या मोठ्या रकमेची टेंडरं भरता येतात. खालच्या वर्गांची नोंदणी क्षेत्रीय कार्यालयांत होते, वरच्या वर्गांची फाईल मंत्रालयापर्यंत जाते. अनुभवाचा दाखला, बँकेचा ऐपतीचा दाखला, यंत्रसामग्रीची यादी, आयकर विवरणं, अशी चळत जोडावी लागते. पण या नोंदणीमागे विधिमंडळाने केलेला स्वतंत्र कायदा नाही. तिचे नियम शासन निर्णयांतून येतात आणि शासन निर्णयांनी बदलतात. त्यामुळे 30 दिवस, 60 दिवस असं हमखास सांगता येईल असं वैधानिक अपीलही इथे नाही. वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अभिवेदन करायचं, आणि तिथे दाद लागली नाही तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका. मधली पायरी कच्ची आहे, म्हणूनच एवढी प्रकरणं उच्च न्यायालयात जातात.

कुठल्याही वाटेने गेलं तरी लढाई ठरते ती नकाराच्या पत्रावर. हे भारतात ज्या खटल्याने पक्कं केलं, तो मुंबईचा आहे आणि योगायोगाने बांधकामाच्या परवानगीचाच आहे. गोरधनदास भानजी यांना अंधेरीत सिनेमा थिएटर बांधायचं होतं. आधी नकार मिळाला, मग जुलै 1947 मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी परवानगी दिली. दोन महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, आयुक्तांकडून दुसरं पत्र आलं: शासनाच्या निर्देशावरून आपल्याला कळवण्यात येतं की परवानगी रद्द केली आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा आयुक्तांचं म्हणणं असं, की रद्द करण्याचा निर्णय खरं तर आमचाच होता. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी ते मान्य केलं नाही. 23 नोव्हेंबर 1951 च्या या निकालाचं सार दोन गोष्टींत आहे. कायद्याने अधिकार आयुक्तांना दिला असेल, तर निर्णय त्यांनीच स्वतःच्या बुद्धीने घ्यायचा, वरून आलेला हुकूम पुढे सरकवायचा नाही. आणि सरकारी आदेशाचा अर्थ त्यातल्या शब्दांवरून लावायचा, अधिकाऱ्याच्या मनात काय होतं याचा खुलासा नंतर जोडून नाही.

पुढे 1977 च्या डिसेंबरात मोहिंदरसिंग गिल यांच्या निवडणुकीच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी याच निकालाचा आधार घेतला आणि तत्त्व आणखी धारदार केलं: आदेशाची वैधता आदेशात दिलेल्या कारणांवरच ठरेल, प्रतिज्ञापत्रातून नवी कारणं पुरवता येणार नाहीत. गुत्तेदाराच्या दृष्टीने याचा अर्थ फार व्यवहारी आहे. पत्रात 'ऐपतीचा दाखला अपुरा' एवढंच लिहिलं असेल, तर कोर्टात उभं राहून 'शिवाय यांचा अनुभवही कमी होता' असं सांगण्याची सोय खात्याला उरत नाही. आणि पत्रात काहीच कारण नसेल, तर तो आदेश मुळातच लंगडा असतो.

गाडी अडते ती इथेच. पुष्कळदा पत्रच मिळत नाही. फाईल टेबलावर पडून राहते, 'साहेब नाहीत', 'वरून आलं नाही', 'तुमचं यात बसत नाही' असं तोंडी सांगितलं जातं, आणि माणूस महिनोन्‌महिने चकरा मारतो. आपल्याकडच्या जुन्या गुत्तेदारांना साहेबांना भेटून काम करून घेण्यावर भलता विश्वास. भेटायला हरकत नाही, पण तोंडी नकाराविरुद्ध जगातलं कुठलंही अपील चालत नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे नकार कागदावर आणणं. अर्ज दिला तेव्हाची आवक क्रमांकाची पोच हवी. ती नसेल तर आता एक स्मरणपत्र देऊन त्याची पोच घ्यावी किंवा ते स्पीड पोस्टाने पाठवावं. (जुनं रजिस्टर पोस्ट 1 सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, त्यामुळे 'आरपीएडी केलंय' हे वाक्य आता जरा जपून वापरावं.)

त्यानंतरची दोन हत्यारं सामान्य माणसाच्या हातात आहेत आणि ती फारशी वापरली जात नाहीत. एक, माहितीचा अधिकार. 2005 च्या या कायद्याच्या कलम 4 मध्ये एक ओळ आहे, जिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही: प्रशासकीय किंवा अर्धन्यायिक निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला देणं हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. आपल्या अर्जावरच्या टिप्पणीची, म्हणजे फाईलच्या डाव्या बाजूच्या शेऱ्यांची, प्रत मागितली की 30 दिवसांत कळतं की घोडं नेमकं कुठे अडलं. कधी कळतं की खालच्या सगळ्यांनी शिफारस केली होती आणि शेवटच्या टेबलावर एका शब्दाचा शेरा मारून फाईल परत आली. असा कागद अपिलात सोन्याच्या मोलाचा.

दुसरं, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015. हा 28 एप्रिल 2015 पासून लागू आहे. ज्या सेवा अधिसूचित केल्या आहेत त्यांची यादी, मुदत आणि अपिलाचे अधिकारी यांची नावं कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक आहे. आपली सेवा त्या यादीत असेल, तर नकार किंवा दिरंगाई या दोन्हींविरुद्ध 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं, मग दुसरं, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे. विभागीय पातळीवर आयोगाचे आयुक्त आहेत, त्यातले एक छत्रपती संभाजीनगरात बसतात. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ वाटते, पण सेवापुस्तकाला डाग नको असणाऱ्या माणसाला ती तेवढी किरकोळ नसते.

लेखी कारण हातात आलं की एक प्रश्न प्रामाणिकपणे स्वतःला विचारावा: अपील करायचं की नव्याने अर्ज? माझं मत असं, की कागदाची त्रुटी असेल तर अपिलाच्या भानगडीत पडूच नये. ऐपतीच्या दाखल्याची तारीख उलटून गेली असेल, सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्रावर सही राहिली असेल, तर दुरुस्त करून दुसऱ्या आठवड्यात नवा अर्ज टाकावा. अपिलात जाणारे महिने वाचतात. अपील करावं ते दोन प्रसंगी. खात्याने नियमच चुकीचा लावला असेल तेव्हा. उदाहरणार्थ, जो शासन निर्णय अर्जाच्या दिवशी अस्तित्वात नव्हता, त्याची अट दाखवून नाकारलं असेल. किंवा नकारात ठपका असेल तेव्हा: खोटा दाखला जोडला, माहिती लपवली, आधीचं काम अर्धवट सोडलं. असा शेरा तसाच राहू दिला, तर पुढे टेंडरसोबतच्या प्रतिज्ञापत्रात तो उगवतो आणि दुसऱ्या खात्याचं काम घेतानाही आडवा येतो. मात्र अनुभवाचा दाखला खरोखरच बनावट असेल, तर अपील म्हणजे आपल्याच हाताने फौजदारी गुन्ह्याला आमंत्रण. तिथे वकिलापेक्षा गप्प बसणं स्वस्त पडतं.

अपिलाचा मसुदा लिहिताना लोक दोन टोकं गाठतात. कुणी पाच पानं स्वतःच्या हलाखीची लिहितं, कुणी अधिकाऱ्यावर आरोपांची सरबत्ती करतं. अपील ऐकणारा बहुधा त्याच खात्यातला वरिष्ठ असतो. हाताखालच्या माणसाला शिव्या ऐकून त्याला आनंद होत नाही. तारखा ओळीने मांडाव्यात. नकारातलं प्रत्येक कारण जसंच्या तसं उतरवावं आणि त्याखाली उत्तर, सोबत कागदाचा पान क्रमांक. कारणं तीन असतील तर उत्तरंही तीनच. मुदत उलटली असेल तर विलंब माफीचा अर्ज वेगळा जोडावा आणि उशीर दिवसवार समजावून सांगावा. शेवटी मागणीही नीट हवी: नकाराचा आदेश रद्द करावा, ते शक्य नसेल तर माझं म्हणणं ऐकून फेरनिर्णय घ्यावा, आणि प्रत्यक्ष सुनावणी द्यावी. सुनावणी मागितलीच नाही, तर पुढे 'ऐकलं नाही' अशी तक्रार करताना तोंड थोडं पडतं.

नोंदणी नाकारणं वेगळं आणि असलेली नोंदणी काढून घेऊन काळ्या यादीत टाकणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात कोर्टं फार कडक आहेत. सरकारी काम मिळालंच पाहिजे असा हक्क कुणालाच नाही. पण कामासाठी इतरांच्या बरोबरीने विचार होण्याचा हक्क आहे, आणि तो काढून घेण्याआधी बाजू मांडायची संधी दिलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने एरुशियन इक्विपमेंटच्या खटल्यात 1974 मध्येच सांगितलं. केरळातल्या जोसेफ विलंगंदन या कंत्राटदाराच्या खटल्यात, 1978 मध्ये, नोटीस तर दिली होती, पण तीत काळ्या यादीचा पुरेसा स्पष्ट इशारा नव्हता, म्हणून ती कारवाई टिकली नाही. 2014 च्या गोरखा सिक्युरिटी सर्व्हिसेसच्या निकालाने हे पक्कं केलं, की कारणे दाखवा नोटिशीतच 'तुम्हाला काळ्या यादीत टाकण्याचा विचार आहे' हे समजेल असं यायला हवं. म्हणून अशी नोटीस आली की ती आधी दोनदा वाचावी, आणि उत्तर मुदतीत द्यावंच. उत्तर न देता थेट कोर्टात धावणाऱ्याला कोर्ट पहिला प्रश्न तोच विचारतं.

मराठवाड्यातल्या माणसाला रिट याचिकेसाठी मुंबईला जावं लागत नाही, याला एक इतिहास आहे. राज्य पुनर्रचना अधिनियम, 1956 च्या कलम 51(3) खाली मुख्य न्यायमूर्तींनी 27 ऑगस्ट 1981 पासून छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, न्यायपीठ बसवलं. त्या निर्णयाला आव्हान मिळालं, प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं आणि 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायपीठ कायम राखलं. त्याच कलमाचा आधार घेऊन ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं. आज जालना रोडवरच्या या खंडपीठाकडे मराठवाड्याचे आठ जिल्हे आणि अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार असे बारा जिल्हे आहेत. शहराचं नाव बदललं, तरी वकिलांच्या बोलण्यात अजून औरंगाबाद खंडपीठच आहे.

याचिका दाखल करताना पहिली अडचण येते ती 'पर्यायी उपायां'ची. कायद्यात अपील दिलं असेल तर आधी तिकडे जा, असं खंडपीठ सांगतं. अपवाद आहेत आणि ते 1998 च्या व्हर्लपूल खटल्यात स्पष्ट केले आहेत: मूलभूत हक्काचा भंग, नैसर्गिक न्यायाचा भंग, अधिकार नसताना दिलेला आदेश, किंवा कायद्याच्याच वैधतेला आव्हान. बांधकाम विभागाच्या नोंदणीत वैधानिक अपील नसल्याने ही अडचण सौम्य असते, पण वरिष्ठांकडे केलेलं एक अभिवेदन आणि त्याची पोच सोबत असलेली बरी.

दुसरी गोष्ट उशिराची. रमणा दयाराम शेट्टी यांचा 1979 चा खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. मुंबई विमानतळावर उपाहारगृह आणि स्नॅक बार चालवायला टेंडर निघालं. अट अशी, की किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला नोंदणीकृत द्वितीय श्रेणीचा हॉटेलचालक हवा. काम मिळालं ते कॅन्टीन चालवण्याचा अनुभव असलेल्या, पण त्या श्रेणीत न बसणाऱ्याला. न्यायमूर्ती भगवती यांनी ठणकावलं, की सरकारने स्वतः घातलेली अट सरकारवरही बंधनकारक आहे. कंत्राटदारांच्या बाजूचा इतका भक्कम निकाल क्वचितच सापडेल. आणि शेट्टींना काय मिळालं? काहीच नाही. ते पाच महिन्यांहून जास्त काळ थांबून कोर्टात आले होते, तोवर समोरच्याने खर्च करून काम सुरू केलं होतं, आणि शेट्टींनी स्वतः टेंडर भरलंच नव्हतं. तत्त्व जिंकलं, याचिका फेटाळली गेली. रिटला ठरावीक मुदत नसते असं जे सांगितलं जातं, ते खरं असूनही घातक आहे.

टेंडरच्या तारखा डोक्यावर असतील तर अडचण आणखी वाढते. नोंदणी नाकारली आणि ज्या कामासाठी ती हवी होती त्याची मुदत पंधरा दिवसांत संपतेय, अशा वेळी सगळी भिस्त अंतरिम आदेशावर. पण 2022 च्या एन. जी. प्रोजेक्ट्सच्या निकालानंतर पायाभूत सुविधांच्या कामांना स्थगिती देताना कोर्टं हात आखडता घेतात. नुकसान झालं असेल तर भरपाई मागा, काम थांबवू नका, असा सूर आहे. शिवाय 1994 च्या टाटा सेल्युलर खटल्यापासून हेही ठरलेलं आहे, की कोर्ट निर्णय कसा घेतला ते तपासतं, निर्णय शहाणपणाचा होता का ते नाही. त्यामुळे जिंकलात तरी बहुतेक वेळा हातात येतो तो परवाना नव्हे, तर 'अर्जदाराला ऐकून अमुक आठवड्यांत नव्याने निर्णय घ्या' असा आदेश. फाईल पुन्हा त्याच टेबलावर जाते. फरक एवढाच, की या खेपेला टेबलावरच्या माणसाला प्रत्येक ओळ कोर्टात वाचली जाणार हे ठाऊक असतं. हे आधी माहीत असलेला अशील वकिलाशी भांडत नाही.

एक मागणी सरकारकडे करण्यासारखी आहे, आणि तिला खर्च काही नाही. माहिती अधिकार कायद्याचं कलम 7(8) सांगतं, की अर्ज फेटाळला तर कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील त्याच पत्रात कळवायचा. माहितीचा साधा अर्ज करणाऱ्याला जे 2005 पासून मिळतं, ते पोटापाण्यासाठी नोंदणी मागणाऱ्या कंत्राटदाराला मिळत नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाने एक शासन निर्णय काढून नोंदणीच्या प्रत्येक नकारपत्रात कारणं, दाद मागायचा अधिकारी आणि दिवस या तीन गोष्टी सक्तीच्या कराव्यात.